तपकिरी जोडा

आमच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो एसटी वर्कशॉपच्या भोंग्यानं. अप्पा तिथे फिटर होते. भोंगा व्हायच्या आधीच माय उठलेली असायची आणि तिच्या भाकरी थापण्याचा आवाज झोपेत शिरायचा. नांदेडातलं ते दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दारातल्या दोरीवर अप्पांचा डिझेलचा वास मारणारा खाकी शर्ट. वारा त्या बाजूचा असला की गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन घरात ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण माय म्हणायची, "ऐका रे, कुणी तरी मन लावून म्हणून राहिलंय." मी आणि उत्तम एकाच वाकळेखाली झोपायचो. मला उठवावं लागे. तो माय उठली की उठायचा आणि न सांगता पाणी भरायला लागायचा.

उत्तम माझा मामेभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं लहान. निलंग्याच्या पुढे मामाचं गाव. मामी गेली तेव्हा मामाचं अर्धं वर्ष ऊसतोडीला कारखान्यावर जायचं, पोराकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून माय जाऊन त्याला घेऊन आली. एका हातात त्याचं मनगट आणि दुसऱ्या हातात त्याच्या कपड्यांची पिशवी, अशी ती स्टँडवरून चालत आलेली मला आठवते. आला त्या दिवसापासून त्या पोरानं आमच्या घरात काही मागितलं नाही. भाकरी संपली तरी हात आखडून बसायचा. मायनं एक खोड लावून घेतली होती. त्याच्या ताटातला शेवटचा तुकडा उचलला जायच्या आत ती दुसरी भाकरी टाकायची. "आत्या, पुरे," असं तो म्हणायचा आणि खायचा. मी मात्र ओरडून मागायचो. अंबाडीची भाजी असली की नाक मुरडायचो, धपाटे असले की मोजून घ्यायचो. पोटचा होतो, मला चालायचं.

फुटबॉल आम्हाला गफ्फार उस्तादांनी दिला. ते एका टॉकीजचे दारवान होते, आता थकले होते. तरुणपणी हैदराबादेत खेळलेले. निजामाच्या वेळेपासूनची तिकडची खेळायची एक पद्धत त्यांच्या पायात होती: चेंडू जमिनीवर ठेवायचा, आखूड द्यायचा, दिला की जागा बदलायची. लांब फटका मारणाऱ्याला ते म्हणायचे, "कायकू रे, चेंडूसे दुश्मनी है क्या तेरेकू?" गोदावरीच्या अंगाला काळ्या मातीचं एक मैदान होतं. उन्हाळ्यात त्याला भेगा पडायच्या, पावसाळ्यात ते पाय धरून ठेवायचं. आमच्या संघात दर्ग्याकडची पोरं होती, वर्कशॉपच्या वस्तीतली होती, एक सरदारांचा गोलकीपर होता. सराव अनवाणी. जोडे फक्त सामन्याला.

त्या जोड्यांचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. संघाचे जोडे संघाच्या मालकीचे होते. हैदराबादच्या क्लबांनी टाकून दिलेले, उस्तादांनी ओळखीवर आणलेले, वेगवेगळ्या मापांचे अकरा जोड एका पोत्यात असत. सामन्याच्या सकाळी आम्ही सगळे एका रांगेत मांडी घालून बसायचो. उस्ताद पोतं घेऊन रांगेपुढून चालायचे आणि एकेकापुढे जोडा ठेवायचे. ज्याच्यापुढे जोडा आला तो खेळणार. ज्याच्यापुढे नाही आला त्यानं उठून पाण्याचा माठ भरायला जायचं. कुणी बोलायचं नाही. नावं वाचायची नाहीत. सगळ्यांची मापं उस्तादांच्या डोक्यात होती. मोठा असेल त्याला चिंधी कोंबायची, आणि लहान जोडा ते कधी कुणाला द्यायचेच नाहीत. आणि नियम एकच: मिळाला तो आपला. बदलायचा नाही, मागायचा नाही. एकदा दोन पोरांनी झाडामागे जाऊन आपसात जोडे बदलले तर उस्तादांनी दोघांनाही घरी पाठवलं, बदली कुणाला घेतलं नाही, आणि आम्ही नऊ जण खेळून हरलो. "जोडा मांगते नै," इतकंच ते म्हणाले.

त्या पोत्यात एक तपकिरी जोडा होता. बाकी सगळे काळे, ताठ, टाचेला सोलणारे. हा मात्र मऊ, घातला की पायाला धरून बसणारा. माप माझं आणि उत्तमचं एकच होतं, तो आम्हा दोघांनाही बसला असता. उस्ताद तो नेहमी उत्तमपुढे ठेवायचे. माझ्यापुढे एक मोठा काळा जोडा यायचा, त्यात मी मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायचो. मी कप्तान होतो. मला ते कधी खटकलं नाही असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो.

आता स्पेनच्या एका माणसाबद्दल. वर्कशॉपसमोरच्या हॉटेलात टीव्ही होता आणि रविवारी दुपारी त्यावर परदेशी सामन्यांचे तुकडे दाखवायचे. एकदा उस्ताद आम्हाला घेऊन गेले. एका चहाचे दोन करून आम्ही बाकांवर दाटीवाटीनं बसलो. त्यात स्पेनचा एक हडकुळा, मधल्या फळीतला खेळाडू होता. त्याचं नाव आम्हाला तेव्हा म्हणता येत नव्हतं, इथंही ते राहू देतो. तो पळत नव्हता. मैदानाच्या मधोमध उभा राहून मान फिरवत होता, आणि चेंडू जणू विचारायला त्याच्याकडेच येत होता. "देखो पोट्टेहो," उस्ताद म्हणाले, "ये भागता नै. ये बस देखता." मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, "हमारा इस्पेन तो ये है." हॉटेलवाला म्हणाला, "उस्ताद, तुमचा इस्पेन भागत न्हाई ते आळशी हाय म्हणून." सगळे हसले. त्या दिवसापासून मी 'इस्पेन' झालो. गल्लीत, मैदानावर, शाळेतसुद्धा. मला ते नाव इतकं आवडलं की मी झोपताना ते मनात म्हणायचो. मी पेपरातून त्या माणसाच्या बातम्या शोधू लागलो. दोन ओळी सापडल्या तरी कात्रीनं कापून ठेवायचो. त्यानं पुढे खेळणं सोडलं आणि तो संघ सांभाळायला लागला हेही मला अशाच दोन ओळींतून कळलं, पण ते फार नंतर.

उत्तमला कुणी असं नाव दिलं नाही. त्याला नावाची गरज नव्हती. त्याचा डावा पाय चेंडूला लागला की एक वेगळाच आवाज यायचा, ओल्या चामड्यावर तळहात मारल्यासारखा, आणि मैदानाबाहेर म्हशी घेऊन चाललेला माणूसही थांबून बघायचा. मी बघून खेळायचो. त्याला बघावं लागत नव्हतं.

त्या वर्षी पोळा होऊन गेल्यावर मामा आला. गूळ आणला होता, तो मायपुढे ठेवला आणि म्हणाला, "अक्का, आता उत्तमला न्यावं म्हणून आलोय. दिवाळीआधी लगीन लावतो. यंदा कोयता करायचा."

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मामी गेल्यापासून मामा दुसऱ्याच्या कोयत्यात अर्धा म्हणून जात होता. आता पोराचं लग्न लावलं की घरात एक अख्खा कोयता होणार होता.

"सतराचं पोरगं ते," माय म्हणाली. "दहावी झालाय. खेळतोय बघ कसा."

"खेळून काय हुतंय, अक्का?"

तेव्हा अप्पा मध्ये पडले. लातूरला पुढच्या महिन्यात सामना होता आणि तो बघायला सरकारी क्रीडा वसतिगृहाचे साहेब येणार होते. पसंत पडलेल्या पोराला तिथे राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, आणि नशीब असलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. मामानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. "निवड झाली तर माझी काई हरकत न्हाई," तो म्हणाला. "न्हाई झाली तर मला अडवू नका." उत्तम दारात बसून भाकरीचा चुरा चिमण्यांना टाकत होता. त्याचं सगळं त्या एका सामन्यावर ठरलं ते त्याच्या पाठीमागे ठरलं, आणि त्यानं वळून बघितलंही नाही.

नंतर थोड्याच दिवसांत उस्तादांना अर्धांगवायूचा झटका आला. मी भेटायला गेलो तेव्हा उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, पण बोलणं कळत होतं. खाटेखालचं पोतं त्यांनी मला ओढायला लावलं. म्हणाले, लातूरला संघ तू ने. जोडे तू वाट. मग थांबून, श्वास घेऊन म्हणाले, "साहब एकीच लेगा, मियाँ. उत्तमकू बीच में खिला. तू बाजूकू जा."  त्यांना माझा चेहरा दिसला असावा. डाव्या हातानं माझं मनगट धरून ते म्हणाले, "तेरे पास नजर है. पांव उसके पास है. तू आगे जाके टीम चलाएगा, देख लेना. मॅनेजर बनेगा. खेलना उसकू दे."

त्यांच्या मनात ती शाबासकी होती. आज मी स्वतः पोरांना असंच काहीबाही सांगतो तेव्हा मला ते कळतं. तेव्हा मी पोतं खांद्यावर घेऊन गल्लीतून चालत होतो आणि माझ्या कानात एकच होतं, की मला खेळाडू म्हणून संपवलं. अजून मिसरूड नीट फुटली नव्हती आणि मी मॅनेजर झालो होतो. मीच इस्पेन होतो ना? मग मधे तो का?

लातूरला आम्ही आदल्या दिवशी एसटीनं गेलो, एका शाळेच्या ओट्यावर मुक्काम केला. निघताना मायनं धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि स्टँडवर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "उत्तमला जप." सकाळी रिमझिम होऊन गेली होती. पोरं शाळेच्या पायऱ्यांवर रांगेत बसली. मी पोतं उघडलं.

आमचा छोटा विंगर रफिक तापानं नांदेडलाच राहिला होता. त्याच्या जागी सुनील नावाचा नवा पोरगा होता, त्याचीही चण लहान. म्हणजे हिशेब सरळ होता. रफिकचा लहान काळा जोडा सुनीलला, माझा मोठा काळा मला, तपकिरी उत्तमला. मला कसलाही गोंधळ झाला नव्हता. मी रांगेपुढून उस्तादांसारखाच सावकाश चाललो. सुनीलपुढे माझा मोठा काळा जोडा ठेवला. उत्तमपुढे रफिकचा ठेवला. तपकिरी हातात घेऊन मी रांगेच्या टोकाला जाऊन बसलो आणि घालू लागलो. लांबून रफिकचा आणि माझा जोडा सारखाच दिसायचा, दोन्ही काळे, दोन्ही चिखलानं पांढुरके. हातात घेतल्यावर मात्र फरक कळत होता. मला तो कळला होता. उत्तमनं एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नाडी बांधत होतो. मग त्यानं खाली बघून पाय आत घालायला सुरुवात केली. बोटं आत मुडपून, टाच दाबून, बराच वेळ. कुणीच काही बोललं नाही. बोलायची पद्धतच नव्हती.

आणि मी मधे खेळलो. त्याला मी डावीकडे कडेला लावला.

अनवाणी खेळायची पंचांनी परवानगी दिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती, पण तिथे ते चालत नव्हतं. मैदान ओलं होतं. ओलं चामडं आखडत गेलं. सुरुवातीलाच मी उत्तमला एक मोकळा चेंडू दिला. त्यानं पाय उगारला, मारला, आणि तो नेहमीचा आवाज आलाच नाही. चेंडू घरंगळत बाहेर गेला. त्यानंतर तो चेंडू आला की थांबवायचा आणि लगेच जवळच्याला द्यायचा, जणू विस्तव हातात आलाय. प्रेक्षकांतून एक जण ओरडला, "ए नांदेड, तुमचं डावखुरं लंगडी खेळून राहिलं की काय रे?" खूप हसले लोक. पांढरी टोपी घातलेले निवडीचे साहेब सिमेंटच्या पायरीवर बसले होते, तेही हसले.

मध्यंतराला सगळ्यांनी जोडे सैल केले. उत्तमनं केले नाहीत. मी पाणी घेऊन गेलो. म्हटलं, "काय रे, जमंना का?"

"जमंल, दादा," तो म्हणाला. "काढले तर परत चढायचे न्हाईत." एवढंच. त्यात तक्रार नव्हती. तो मला फक्त अडचण सांगत होता, मॅनेजरला सांगावी तशी. त्याच वेळी मी म्हणू शकलो असतो, हे घे, चूक झाली. मी म्हणालो, "जरा रेट लाव," आणि पुढच्याला पाणी द्यायला गेलो.

मी त्या दिवशी फार चांगला खेळलो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. वाईट खेळलो असतो तर काहीतरी फिटलं असतं. चेंडू विचारायला माझ्याकडे येत होता. आम्ही जिंकलो. साहेबांनी मला बोलावून नाव विचारलं, आणि मी नाव सांगितलं.

परतीच्या एसटीत उत्तम खिडकीशी बसला होता. चपला हातात, पाय माझ्या पिशवीवर, पायांना ओला पंचा गुंडाळलेला. पंचा लाल झाला होता. "दादा, आता रोज अंडी खाशील हॉस्टेलात," तो म्हणाला. "आत्याला इसरू नको म्हणजे झालं." आणि हसला. मी झोपलोय असं दाखवलं, थेट नांदेडपर्यंत.

घरी मायनं पंचा सोडला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होऊन उचलली गेली होती, करंगळ्यांची साल निघाली होती. तिनं पाणी गरम केलं, हळद लावली. "कुणाचे जोडे घातलेस रे बाबा?"

"माझेच की, आत्या. पाऊस व्हता, आखडले."

माय माझ्याकडे बघून राहिली. मग उठली आणि चुलीकडे गेली. माझी निवड झाली म्हणून तिनं त्या दिवशी येसराची आमटी आणि भात केला, सणाला करायची तसा. उत्तम पोटभर जेवला. मीच अर्ध्या ताटावरून उठलो.

वसतिगृहात जायच्या आधी मी पोतं परत द्यायला उस्तादांकडे गेलो. मला वाटलं होतं ते विचारतील आणि मग मला काहीतरी सांगावं लागेल. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "उत्तम आया था." उत्तम तसल्या पायांनी त्यांच्यापर्यंत चालत गेला होता. "बोला, भूरा जोडाच था पांव में, उस्ताद. मेरेसेच खेला नै गया." ते छताकडे बघत होते. "मेरी नजर गई, मियाँ. मैं उसकू कुछ और समझा था. बुढ्ढा हो गया मैं." मी त्यांच्या खाटेखाली पोतं सरकवलं. एका वाक्याचं काम होतं. बाहेर त्यांची सून कोंबड्यांना हाकलत होती. मी सलाम केला आणि निघालो. थंडीत ते गेले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर त्यांचा भरवसा होता, तीच आपल्याला फसवून गेली असं समजून गेले.

दिवाळीआधी उत्तमचं लग्न झालं. मी वसतिगृहात होतो. सुट्टी मिळाली असती, मी मागितली नाही. माय सांगायची, नवरदेवाला जोडे होत नव्हते, पाय अजून सुजलेले, तर चपलांवरच मंगल परिणय लावला. पंधरा दिवसांत ते कोयता घेऊन गेले.

मग माझं जे व्हायचं ते झालं. काही वर्षं खेळलो, नाव मोठं झालं नाही. कोट्यातून नोकरी मिळाली, गुडघा गेला, आणि उस्ताद म्हणाले होते तसा मी मॅनेजर झालो. आता लातूरलाच असतो. ज्या सिमेंटच्या पायरीवर तेव्हा ते साहेब बसले होते, त्याच पायरीवर बसून मी पोरं निवडतो. पोरगा आला की मी आधी त्याचे पाय बघतो, तोंड नंतर. "जोडा बसतो का?" असं प्रत्येकाला विचारतो, दोनदा विचारतो. पोरं मागून माझी नक्कल करतात, मला ठाऊक आहे. माझे संघ हरतात. वाईट हरत नाहीत, थोडक्यात हरतात, वर्षानुवर्षं. तो स्पेनचा माणूसही मॅनेजर म्हणून चालला नाही. एका गावानं काढलं, दुसऱ्यानं घेतलं, त्यानंही काढलं. अलीकडे मुलीनं मला मोबाइलवर शोधून दाखवला. केस पांढरे, हात बांधलेले, पावसात रेषेबाहेर उभा, आणि त्याचा संघ हरतोय. तो मान फिरवून बघत होता, अगदी तसाच. मी तो तुकडा कितीदा बघितला सांगता येत नाही. बायको म्हणाली, "एवढं काय आहे त्या म्हाताऱ्यात?"

मागच्या वर्षी माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला उत्तम आला होता. मागे बसला, वंदना म्हटली, जेवला, माझ्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून निघाला. दारातून बाहेर पडताना मी त्याची चाल बघितली. टाचेवर जोर देऊन, बोटं उचलून चालतो. पन्नाशी जवळ आलेला माणूस, दिसतो साठीचा. माय शेवटच्या दिवसांत मला एकदाच म्हणाली होती, "उत्तमकडं जाऊन ये." का जाऊन ये, ते म्हणाली नव्हती.

गेल्या महिन्यात गेलो. औसा, निलंगा, पुढे फाट्यावर उतरून चालत. उत्तम घरापुढच्या लिंबाखाली शेळीला पाला टाकत होता. ऊसतोड पाठीमुळे सुटली होती. त्याची बायको कमल बाहेर आली, पाणी दिलं, म्हणाली, "भावजी, तुम्ही आला हे लई झालं. हे सांगत असतेत, आमचा दादा लई भारी खेळायचा म्हणून." ती चहा टाकायला आत गेली आणि मी सांगितलं. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "उत्तम, लातूरला तो जोडा मी तुला मुद्दाम दिला होता. लहान आहे हे मला ठाऊक होतं."

त्याच्या हातात पाल्याची फांदी होती. ती त्यानं शेळीपुढे धरून ठेवली, शेळी ओढत होती तरी सोडली नाही.  मला वाटलं तो शिवी देईल. मी शिवी घ्यायलाच गेलो होतो. मारलं असतं तर चाललं असतं.

"तपकिरी तू घेतलास ते मला समजलं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "कप्तान व्हतास. घ्यावा वाटला, घेतलास. त्याचं काई न्हाई. पण काळे दोन्ही सारखेच व्हते. मी म्हणलं, दादा आपला मोठा जोडा मला देणार व्हता, घाईत सुनीलचा अन् माझा बदलला. चुकीनं." तो थांबला. "म्हणून आत्याला सांगितलं न्हाई. म्हणून उस्तादांपाशी गेलो. म्हणलं, ह्याच्या एका चुकीपायी ह्याला कशाला बोल."



"फडात पाय दुखायचे तवा मी हेच म्हणायचो. चुकीनं झालं. दादाच्या लक्षात आलं असतं तर त्यानं तिथंच काढून दिले असते." त्यानं आता माझ्याकडे बघितलं, पायऱ्यांवरून बघितलं होतं तसंच. "इतकी वरसं मी त्याच्यावर काढली. तेवढंच व्हतं माझ्यापाशी. ते कशाला न्यायला आलास?"

कमलनं चहा आणला. तिला वाटलं आम्ही माय आठवून बसलोय. "लई जीव व्हता आत्याबाईचा," ती म्हणाली. उत्तम म्हणाला, "हाव." चहा आम्ही संपवला.

आमच्याकडे पाहुण्याला फाट्यापर्यंत पोचवायची रीत आहे. मी म्हटलं, राहू दे, पाय दुखतील. त्यानं ऐकलं नाही. चपला घातल्या, माझी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला, टाचेवर जोर देऊन. मी मागून चाललो. फाट्यावर दोघंही उभे होतो.  गाडी आली तेव्हा त्यानं आधी पिशवी आत ठेवली, मग माझ्या गुडघ्याकडे बघून मला चढायला हात दिला. मी खिडकीशी बसून बाहेर बघितलं, तर तो पाठमोरा होऊन घराकडे निघाला होता.